आंबट वासाचा माग: कोल्हापुरातल्या एका वसाहतीच्या सांडपाणी केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूर शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या एका वसाहतीची ही हकीकत. वसाहतीचं नाव, नेमकी जागा आणि माणसांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि पाण्याच्या तपासण्या करणारी एक छोटी प्रयोगशाळा चालवते. मला बोलावणं आलं ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तोवर त्रास सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले होते.

वसाहतीत २५० फ्लॅट, साधारण ९०० माणसं आणि रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर दुकानांची एक रांग. सगळ्यांचं सांडपाणी मागच्या कोपऱ्यातल्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, येतं. केंद्राची क्षमता रोज २ लाख लिटर, प्रत्यक्षात येतं १ लाख ३० हजारांच्या आसपास. शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं, उरलेलं ओढ्यात. ओढा पंचगंगेला मिळतो, पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला, आणि मधल्या कितीतरी गावांना हेच पाणी उचलावं लागतं. दर उन्हाळ्यात नदीतल्या जलपर्णीचे नि मेलेल्या माशांचे फोटो आपण पेपरात बघतो आणि हळहळतो. आपल्या संडास-मोरीतून गेलेलं पाणी त्या फोटोपर्यंत कुठल्या वाटेनं पोचतं हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी कधी चालत जाऊन पाहिलेलं असतं.

कसबा बावड्याला महापालिकेचं ७६ एमएलडीचं केंद्र आहे. म्हणजे रोज ७ कोटी ६० लाख लिटर. त्याच्यापुढे आमचं हे केंद्र बादलीएवढं. पण काम करणारे दोन्हीकडे तेच: जिवाणू.

मैलापाणी आधी जाळीतून गाळलं जातं, मग एका साठवण टाकीत एकसारखं केलं जातं आणि तिथून हवेच्या टाकीत सोडलं जातं. या टाकीच्या तळाशी रबरी नळ्या असतात, त्यांतून ब्लोअर बारीक बुडबुडे सोडत राहतो. पाण्यात विरघळलेली घाण जिवाणू खातात, श्वासाला त्या बुडबुड्यातला ऑक्सिजन वापरतात, वाढतात, आणि चिकट स्राव सोडून एकमेकांना धरून राहतात. त्यांचे डोळ्यांना दिसतील असे तपकिरी पुंजके होतात. पुढच्या टाकीत हवा नसते. तिथे पुंजके खाली बसतात, वरचं नितळ पाणी सांडव्यावरून पुढे जातं, आणि तळाचा गाळ पंपाने परत हवेच्या टाकीत आणला जातो. सगळा खेळ या खाली बसण्यावर आहे. जिवाणूंनी घाण कितीही खाल्ली तरी ते स्वतःच खाली बसले नाहीत, तर पाण्याबरोबर तेच वाहून जातात आणि बाहेर पडलेलं पाणी पुन्हा घाणच असतं.

केंद्र चालवणारे ऑपरेटर पन्नाशीचे. वसाहतीतली पोरंटोरं त्यांना मामा म्हणतात, तेव्हा आम्हीही मामाच म्हणू लागलो. शिक्षण दहावी, पण आठ वर्षं हीच टाकी रोज पाहिलेली. चांगल्या गाळाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, हे मी वर्गात शिकवते. मामांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

अडचण काय होती

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लशचं पाणी गढूळ यायला लागलं. मग वास सुटला. खालच्या मजल्यावरच्या घरांनी तक्रारी केल्या, कुणी फ्लशची टाकी बंद करून बादलीनं पाणी ओतायला सुरुवात केली. मार्च लागला तेव्हा गाळ सांडव्यावरून सरळ बाहेर चालला होता.

मी गेले त्या सकाळी मामांनी एक लिटरचं काचेचं मोजपात्र हवेच्या टाकीतल्या पाण्याने भरून माझ्यासमोर ठेवलं. ही चाचणी सोपी आहे: अर्धा तास हात न लावता ठेवायचं आणि गाळ कुठल्या रेघेपर्यंत बसला ते वाचायचं. तब्येतीत असलेला गाळ पाच मिनिटांतच खाली सरकू लागतो, कडेला स्वच्छ पाण्याची पट्टी दिसते. आमच्यासमोरचा गाळ जागचा हलेना. पिंजलेल्या कापसासारखा भांडंभर पसरून राहिला. अर्ध्या तासाने रेघ होती ९२० मिली.

“बसंनाच झालाय बघा मॅडम. पयल्यांदा तीनशे-साडेतीनशेला थांबायचा,” मामा म्हणाले.

प्रयोगशाळेत सुका करून मोजलेला गाळ लिटरला ३२०० मिलिग्रॅम भरला. म्हणजे एक ग्रॅम गाळाने साधारण २९० मिली जागा अडवली होती. हाच आकडा १०० च्या आसपास असेल तर गाळ उत्तम, १५० च्या पुढे गेला की सावध व्हायचं. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप, लिटरला ४२ मिलिग्रॅम आला. संमतीपत्रातली मर्यादा होती १०.

मग सूक्ष्मदर्शक. १०० पट मोठं करून पाहिल्यावर पुंजक्यांतून सगळीकडे तंतू बाहेर आलेले दिसले, एका पुंजक्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेले. तंतुमय जिवाणू थोडे असले तर ते उपकारकच असतात, घराला वासे असावेत तसे पुंजक्याला आधार देतात. इथे वासेच वासे झाले होते. पुंजके एकमेकांजवळ येऊच शकत नव्हते, मग बसणार कसे?

दुसरं लक्षण मला जास्त बोललं. चांगल्या गाळात व्हॉर्टिसेला नावाचे एकपेशीय जीव असतात. देठावर उलटी घंटा लावावी तसा आकार, घंटेच्या कडेला हलणारे केस, त्यांनी भोवरा करून सुटे जिवाणू ओढून खायचे. जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो आणि सावकाश पुन्हा सरळ होतो. पाणी नितळ होण्यात यांचा मोठा वाटा, कारण पुंजक्यात न अडकलेले जिवाणू हेच टिपतात. त्या दिवशीच्या थेंबात मला मोजून तीन सापडले. तिघांच्याही घंटा मिटलेल्या, एक तर देठ सोडून पोहत सुटलेला. ऑक्सिजन कमी पडला की ते असं करतात.

आधी करून झालेले उपाय

इथे थोडं मागे जायला हवं. देखभालीचा ठेका ज्यांच्याकडे होता त्यांनी फेब्रुवारीतच निदान केलं होतं: “टाकीतले बॅक्टेरिया मेलेत.” उपाय म्हणून दोन गोष्टी सुरू केल्या. रोज १ किलो कल्चर पावडर, आणि त्या नव्या जिवाणूंना खाणं म्हणून रोज ५ किलो गूळ.

गुळाची ढेप फोडून, बादलीत विरघळवून मामा रोज सकाळी टाकीत ओतत होते. केंद्र अगदी नवं सुरू करताना शेण आणि गूळ घालण्याची पद्धत आहे आणि ती चुकीची नाही, कारण तेव्हा टाकीत ना जिवाणू असतात ना पुरेसं मैलापाणी. पण इथे? हवेच्या टाकीत १६० घनमीटर पाणी आणि लिटरला ३२०० मिलिग्रॅम गाळ, म्हणजे ५०० किलोच्या वर सुका गाळ आधीच होता, बहुतांशी जिवाणूंचाच. त्यात एक किलो पावडरीने काय फरक पडणार? आणि गूळ तर सरळ खाद्य. ५ किलो गूळ म्हणजे साधारण साडेतीन किलो बीओडी. एक माणूस दिवसाला सांडपाण्यात ४० ते ४५ ग्रॅम बीओडी सोडतो असं धरलं, तर वसाहतीत रोज पाऊणशे-ऐंशी पाहुणे राहायला आल्यासारखं झालं ते. जिवाणू उपाशी नव्हते, त्यांचा जीव गुदमरत होता. गुदमरणाऱ्याला आपण जेवायला वाढत होतो.

गूळ त्याच दिवशी बंद केला. त्याला कुणाचा विरोध झाला नाही. मामांना तर ते रोज टाकीत जाताना बघवत नव्हतं.

पहिला निर्णय, आणि माझी चूक

माझ्यापुढे तंतू होते, मिटलेल्या घंटा होत्या. ऑक्सिजन मोजला: सकाळी सहा वाजता ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटर. तो किमान दीड-दोन हवा. विचारपूस केल्यावर कळलं, वीजबिल वाचवण्यासाठी सोसायटीच्या बैठकीत ठरवून डिसेंबरपासून रात्री १२ ते ४ ब्लोअर बंद ठेवत होते.

कारण हाताला लागलं असं मला वाटलं. ऑक्सिजन कमी असला की स्फिरोटिलससारखे तंतू जोमाने वाढतात, कारण थोड्याशा ऑक्सिजनवरही त्यांचं भागतं आणि तंतूंमुळे ते पुंजक्याबाहेर पसरून आपला वाटा आधी उचलतात. पुस्तकातलं चित्र आणि समोरची टाकी तंतोतंत जुळत होती. मी सचिवांना सांगितलं, ब्लोअर रात्रभर चालू ठेवा, दोन-तीन आठवड्यांत गाळ ताळ्यावर येईल.

पहिला आठवडा बरा गेला. ९२० वरून ८१० वर आलं. सकाळचा ऑक्सिजन ०.९ झाला. दुसऱ्या आठवड्यात मात्र आकडा पुन्हा ९०० च्या पुढे गेला, आणि ऑक्सिजन पहाटे परत कोसळू लागला. ब्लोअर चालू असून.

हे दहा-बारा दिवस माझ्यामुळे गेले. ब्लोअर बंद ठेवणं हे कारणांपैकी एक होतं, पण पहिलं कारण सापडल्याच्या समाधानात मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही: ब्लोअर डिसेंबरपासून बंद होत होता, मग त्रास फेब्रुवारीत का सुरू झाला?

कोणते पर्याय होते

पाडव्याला दहा दिवस राहिले असताना सोसायटीच्या ऑफिसात बैठक झाली. अध्यक्ष, सचिव असलेल्या काकू, ठेकेदाराचा माणूस, मामा आणि मी. चार पर्याय पुढे आले.

ठेकेदाराचं म्हणणं, टाकी रिकामी करून धुवून नव्याने सुरुवात करावी. अध्यक्षांना हे पटलं होतं, कारण एकदाचा निकाल लागेल. मी याच्या ठाम विरोधात होते, आणि का ते सांगताना मला इतिहासात जावं लागलं. १९१४ साली मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत मैलापाणी भरून त्यातून हवा सोडली. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला पहिल्या खेपेला पाच आठवडे लागले. त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ मात्र ठेवला आणि त्याच गाळावर नवं मैलापाणी घेतलं. असं करत गेल्यावर तेच काम २४ तासांत होऊ लागलं. तोवर लोक त्या गाळाला घाण समजून टाकून देत. आज जगभर चालणारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. (हे काम ज्यांच्या सल्ल्यातून सुरू झालं ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.) टाकी धुणं म्हणजे ते पाच आठवडे पुन्हा अंगावर घेणं. त्यात अमोनियाचं नायट्रेट करणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा फार सावकाश वाढतात. इतर जिवाणू सोयीच्या परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना दिवस लागतो. ते सगळ्यात शेवटी परत येतात.

दुसरा पर्याय, आणखी एक ब्लोअर बसवणं. खर्चाचं काम, आणि जागेवर उभं राहायला दीड-दोन महिने.

तिसरा, परत येणाऱ्या गाळात मोजून क्लोरीन सोडणं. तंतू पुंजक्याबाहेर डोकावत असतात, त्यामुळे क्लोरीनचा मार आधी त्यांना बसतो. पुंजक्याच्या पोटातले जिवाणू वाचतात. उपाय जुना आणि माहितीतला आहे. पण कारण तसंच राहिलं तर तंतू महिन्याभरात परत येणार.

चौथा पर्याय म्हणजे आधी कारण शोधणं आणि तोवर वास सोसणं. याला बैठकीत कुणीच खूश नव्हतं. काकूंनी एकच विचारलं, “किती दिवस?” मी एक आठवडा मागितला. तो त्यांनी दिला म्हणून पुढचं सगळं घडलं.

बैठक उठताना मामा दारात थांबले. “मॅडम, एक सांगू का? साठवण टाकीला पहाटंचा ताकासारखा वास येतोय. आंबट. लई दिस झालं.”

मी त्यांना विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

“कुनी इचारलंच न्हाई की.”

माग

त्या रात्री दर तासाला साठवण टाकीतलं पाणी घेतलं. रात्री नऊला पीएच ७.२. बाराला ६.७. पहाटे सहाला ५.८. घरगुती मैलापाणी असं वागत नाही. कुणीतरी रात्री आम्लयुक्त आणि गोड असं काहीतरी सोडत होतं, आणि साठवण टाकीत ते आंबून आणखी आम्ल होत होतं.

दुसऱ्या रात्री मामा, सोसायटीचा वॉचमन आणि मी पीएचच्या पट्ट्या आणि दोरीला बांधलेली बाटली घेऊन चेंबर उघडत निघालो. मुख्य लाइनला दोन फाटे होते, एक इमारतींकडून, एक दुकानांकडून. इमारतींकडचं पाणी: पट्टी हिरवी, ठीक. दुकानांकडचं: पट्टी पिवळी. तिसऱ्या चेंबरचं झाकण उचललं तेव्हा पट्टीची गरजच उरली नाही. बॅटरीच्या उजेडात पांढुरकं, हिरवट झाक असलेलं पाणी वाहत होतं, चेंबरच्या भिंतींना सायीसारखा थर आणि तो आंबट वास. पट्टी बुडवली, नारिंगी झाली. साडेचार.

मामांनी बाटली नाकाशी धरली. “चक्क्याचं पानी हाय हे.”

रांगेतल्या शेवटच्या गाळ्यात एक नवरा-बायको चक्का आणि श्रीखंड करतात. म्हशीचं दूध घ्यायचं, विरजायचं, दही फडक्यात बांधून टांगायचं, गळलेली निवळी मोरीत सोडायची आणि रात्री भांडी धुऊन बंद करायचं. गेल्या सप्टेंबरात सुरू केलेला धंदा, चव चांगली, फेब्रुवारीत लग्नसराईच्या ऑर्डरी मिळाल्या, आणि आता पाडव्यासाठी रात्रंदिवस काम. फेब्रुवारी का, याचं उत्तर हे होतं.

निवळी दिसायला पाण्यासारखी. पण तिच्यात दुधातली बहुतेक सगळी साखर उतरलेली असते. तिचा बीओडी लिटरला ३० ते ४० हजार मिलिग्रॅम असतो. आपल्या मैलापाण्याचा अडीचशे-तीनशे. पाडव्याच्या आठवड्यात ते रोज सुमारे ६०० लिटर सोडत होते. हिशेब केला: साधारण २१ किलो बीओडी, म्हणजे साडेचारशेवर माणसांचं मैलापाणी. एका गाळ्यातून, रात्रीच्या तीन-चार तासांत. वसाहतीची सगळी ९०० माणसं मिळून दिवसभरात ३६ किलो सोडतात.

एक गोष्ट इथे मला फार महत्त्वाची वाटते. दोन्ही मिळून ५७ किलो होतात, आणि केंद्र ५० किलोसाठी बांधलेलं आहे. एवढ्या फरकाने कुठलंही केंद्र एकदम कोलमडत नाही. गाळाच्या मानाने खाद्य मोजलं तरी आकडा मर्यादेतच बसत होता. दिवसाच्या सरासरीकडे बघत बसलो असतो तर निवळीला आम्ही निर्दोष ठरवलं असतं. घात केला तो वेळेने. सहज पचणारी साखर एकदम आली, ती नेमकी ब्लोअर बंद असायचा त्या वेळी. जिवाणू ती मिळेल त्या वेगाने खायला लागले आणि होता नव्हता तो ऑक्सिजन तासाभरात संपवला. साठवण टाकीत आंबलेलं आम्ल आणि सल्फाइड यांवर वाढणाऱ्या थायोथ्रिक्ससारख्या तंतूंनाही रान मोकळं मिळालं. पुढे मी ब्लोअर रात्रभर चालू ठेवला तेव्हा निवळीचं प्रमाणच पाडव्यामुळे दुप्पट झालेलं होतं, म्हणून सुधारणा टिकली नाही.

दुसरा निर्णय: बोलायचं कसं

अध्यक्षांचं मत होतं, नोटीस द्यावी, नळजोड तोडावा. राग समजण्यासारखा होता. त्यांच्या घरात म्हातारी आई होती आणि महिनाभर फ्लशचा वास सोसत होती. काकू म्हणाल्या, आधी आपण जाऊन येऊ.

गाळ्यात टांगलेल्या फडक्यांतून थेंब गळत होते. बाईंनी आम्हाला बसवलं, वाटीत श्रीखंड पुढे केलं. मी बाटली दाखवून सांगायला लागले तसा त्यांचा चेहरा उतरला.

“दुधाचंच पाणी आहे की ओ ते. त्यात औषध नाही, केमिकल नाही. आमच्या घरी गावाकडं म्हशीला पाजतात.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. मैलापाण्यात काय चालतं नि काय नाही याची यादी सोसायटीने दुकानदारांना कधी दिलीच नव्हती. भाडेकरारात ड्रेनेजबद्दल एक ओळ नव्हती. आणि अन्न घातक कसं असेल, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना मागे टाकीपाशी नेलं, मोजपात्र दाखवलं. अन्न आहे म्हणूनच घातक आहे, एकदम इतकं अन्न आलं की टाकीतल्या जीवांना श्वास पुरत नाही, हे सांगितलं. त्यांचे पती बराच वेळ त्या न बसणाऱ्या गाळाकडे बघत उभे होते.

तोडगा त्यांच्याच बोलण्यात होता. म्हशीला पाजतात. कोल्हापुरात गोठे शोधायला लांब जावं लागत नाही. सहा किलोमीटरवरच्या एका गोठ्याचे मालक निवळी रोज न्यायला तयार झाले. जनावरांच्या डॉक्टरांनी सवय लावत थोडी थोडी वाढवायला आणि शिळी न द्यायला सांगितलं. झाकणाचे निळे कॅन आले. भांडी धुतलेलं पहिलं दाट पाणीही कॅनात, बाकीचं मोरीत. पाडव्याच्या आदल्या दिवशी हे सुरू झालं. त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी आम्ही त्यांना ही दगदग दिली आणि त्यांनी ती घेतली, हे मला लिहून ठेवायचं आहे.

तिसरा निर्णय: क्लोरीन

कारण थांबलं होतं. आता तंतूंना आपोआप मागे हटू द्यायचं की क्लोरीन वापरून वेळ वाचवायचा? गाळ अजून सांडव्यावरून जात होता, उन्हाळा वाढत होता, ओढा आटलेला. आटलेल्या ओढ्यात जाणारं प्रत्येक लिटर तसंच नदीपर्यंत जातं. मी क्लोरीनच्या बाजूने गेले.

१००० किलो गाळाला रोज २ ते ३ किलो क्लोरीन असं प्रमाण सांगतात. आमच्या ५०० किलोंना १ किलो पुरे, म्हणजे १० टक्के हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचे) १० लिटर. ते गाळ परत आणणाऱ्या पाइपात, दिवसभरात थोडं थोडं. मामा पहिल्या दिवशी धास्तावले होते: “आपुनच औषध घालून मारायचं का?” रोज दोनदा थेंब तपासायचा आणि पुंजके फुटताना दिसले की थांबायचं, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी तंतूंच्या आतल्या पेशी रिकाम्या दिसायला लागल्या, नुसत्या नळ्या उरलेल्या. पाचव्या दिवशी मोजपात्रातली रेघ ६४० वर होती. तिथे क्लोरीन थांबवला. पाणी दोन-तीन दिवस आणखी गढूळ झालं, ते अपेक्षित होतं. अपेक्षेपेक्षा वाईट झालं ते अमोनियाचं: ३ वरून १४ मिलिग्रॅमवर गेला. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू क्लोरीनला नाजूक असतात, आणि एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे त्यांना सात मिलिग्रॅमच्या वर अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) आणि साडेचार मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो. महिनाभर आम्ल पाणी प्यायलेल्या टाकीत अल्कता आधीच कमी होती. थोडा चुना देऊन ती भरून काढली. त्यांना पूर्ववत व्हायला अडीच आठवडे लागले.

निकाल

एप्रिलच्या शेवटी रेघ ४५०, मेच्या मध्यावर ३२०. गाळाचा आकडा १०० च्या आत. बीओडी ८. थेंबात व्हॉर्टिसेला मोजताना मी वीसनंतर मोजणं सोडून दिलं. एका पुंजक्यावर तर त्यांची दाटीच होती, प्रत्येकाचा देठ आपापला आखडत होता. रोटिफर नावाचे सूक्ष्म बहुपेशीय प्राणीही दिसले, ते जुन्या, स्थिर गाळातच राहतात.

नवा ब्लोअर घ्यावा लागला नाही. कल्चरची खरेदी बंद झाली. श्रीखंडाचा गाळा चालू आहे. रात्री ब्लोअर पूर्ण बंद ठेवण्याऐवजी ऑक्सिजन मोजून तासातली वीस मिनिटं बंद ठेवतात, त्यामुळे बिलातली थोडी बचत राहिली. काकूंनी प्रत्येक दुकानाच्या करारात ड्रेनेजचं कलम घातलं, पण रांगेतल्या खानावळीच्या तेलाचा प्रश्न अजून तसाच आहे. तिचा तेल अडवणारा सापळा लहान आहे आणि मोठा बसवायला जागा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

क्लोरीन मी आज वापरला असता का? वापरला असता, पण पाऊण किलोपासून सुरू केला असता आणि अल्कता आधी मोजली असती. ते अडीच आठवडे अमोनिया ओढ्यात गेला, त्याची जबाबदारी माझी आहे.

पण त्याहून मोठी गोष्ट लॉगबुकाची. प्रकरण मिटल्यावर अहवाल लिहायला म्हणून मी मागची पानं चाळली. ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आठवड्यात, मामांच्या अक्षरात चार दिवस लागोपाठ नोंद होती: “फेस. आंबट वास. गाळ हलका.” मग पाचव्या दिवसापासून सगळं ठीक. दसऱ्याला कोल्हापुरात घरोघर श्रीखंड असतं. चार महिने आधी उत्तर कागदावर लिहिलेलं होतं, आणि खाली दर आठवड्याला तपासल्याची सही होती. मी स्वतः मार्चमध्ये पहिल्या दिवशी ते लॉगबुक हातात घेतलं होतं, फक्त शेवटचे तीन आठवडे वाचले होते.

आता मी कुठल्याही केंद्रावर गेले की आधी वर्षभराचं लॉगबुक मागते, मग ऑपरेटरसोबत चहा घेते, आणि नंतर सूक्ष्मदर्शक काढते. मामांना एका कॉलेजमधून निकाली निघालेला सूक्ष्मदर्शक मिळवून दिला आहे. नव्या लॉगबुकात त्यांनी पट्टीने एक जादा रकाना आखून घेतला: वास. यंदा दसऱ्याच्या आठवड्यात त्या रकान्यात सातही दिवस एकच शब्द आहे, “मातीचा.”